खाणीच्या ढिगावर कोंडलेलं पाणी

मी खाणीत नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या नखांकडं बघतो. खाण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कोळसा येतो, त्याला कोण काय करणार. आमच्या बेळगावच्या पश्चिमेच्या डोंगरात कोळशाचा खडासुद्धा नाही. होतं ते मँगनीज. काळपट आणि चांगलंच जड. पोलादात घालायला लागतं म्हणून पहिल्या जर्मन लढाईत त्याला मागणी आली आणि एका कंपनीनं बेळगुंदीच्या वरच्या अंगाला डोंगर फोडायला घेतला. लढाई संपल्यावर मागणी गेली आणि कंपनीनं गाशा गुंडाळायला काढला. मी कामाला लागलो तो या गाशा गुंडाळण्याच्या वेळी. खाणी खणणारे पुष्कळ भेटतील, मी खाण बुजवणारा मिस्त्री.

या अंकाच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं ते मात्र वेगळ्याच कारणानं. ते म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही साहेबासमोर गावाचा गुन्हा आपल्या अंगावर घेतलात, ती हकिगत लिहा." ही हकिगत आमच्या भागात बऱ्याच जणांनी ऐकली आहे. मीही ती ऐकली आहे, आणि सांगणाऱ्यांनी ती फार रंगवून सांगितली. अडचण एवढीच की ती खरी नाही. गुन्हा गावाचा नव्हता, माझाच होता. हे मी गेली कित्येक वर्षं सांगत आलो आहे आणि लोक एकमेकांकडं बघून म्हणतात, बघा, माणूस किती नम्र. या कौतुकाचा मला आता संताप येतो. म्हणून या खेपेला मातीपाण्यासकट सगळं लिहून काढतो.

आधी धंदा काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

जमीन खणली की फुगते. खोटं वाटत असेल तर परड्यात एक खड्डा खणा आणि त्याच मातीनं तो परत बुजवा. वर उंचवटा राहीलच. खाणीचंही तसंच. सगळे खड्डे भरले तरी माती उरते आणि तिचा ढीग होतो. आमच्या खाणीचा ढीग म्हणजे एक लहानशी टेकडीच होती. खड्डे भरणं हे निव्वळ ओझ्याचं काम, ते वडारांच्या टोळ्यांनी केलं. खरी अक्कल लागते ती हा ढीग जाग्यावर बसवायला. खाणीतून निघालेली माती मेलेली असते. मुरूम, जांभ्याचे खडे, चिकणमाती, सगळं एकात एक. तिच्यात मूळ नाही, गवताची काडी नाही, धरून ठेवणारं काहीच नाही. वळवाच्या एका सरीत तिच्यावर बोटभर रेघा उठतात, मृगात त्या रेघांत हात जातो आणि श्रावणापर्यंत अशी ओघळ पडते की आत म्हैस उभी राहिली तर नुसती शिंगं दिसावीत. आणि वाहून गेलेली माती जाते कुठं? खालच्या शेतात. ज्यानं खाणीतला एक खडा बघितला नाही त्याच्या भातात.

यावर उपाय जुनाच आहे. ढिगाचा उतार मोडून पायऱ्या पाडायच्या, पायरी एका कडेला जराशी कलती ठेवायची, तिच्यावर पडलेलं पाणी चरातून दगड बसवलेल्या पाटात आणायचं आणि पाटानं ओढ्याला लावायचं. वर गवत, कडेनं घायपात. आमचे साहेब गोरे होते, उंच, काटकुळे, सदा तापानं हैराण. मोडक्या हिंदुस्थानीत त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सगळं शास्त्र शिकवलं होतं. "पानी दौडेगा नहीं, पानी बैठेगा नहीं." पाण्यानं धावायचं नाही आणि बसायचंही नाही, सावकाश चालत बाहेर पडायचं. मी जोरात मान डोलावली होती.

ढिगाच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं माझ्यासाठी खोटं बोलली आहेत, त्यांना या वयात उघडं पाडायचं मला काही कारण नाही. माझी थोरली बहीण त्याच वाडीत दिलेली. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, अंगानं धिप्पाड आणि बोलायला मऊ. त्यांच्याकडं माळाची जमीन होती नाचणीपुरती, आणि एकच धड शेत होतं. ते ढिगाच्या बरोबर खाली, ओढ्याच्या काठावर. त्यात बारमाही झरा. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर मसूर. घरातली सात तोंडं त्या एका शेतावर चालायची. आक्का लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं तिला आधी ते शेत दाखवलं आणि मग घर, असं ती हसून सांगायची.

कंपनीचा सरकारशी करार होता की खाण सोडताना जमीन लागवडीजोगी करून वाडीला परत द्यायची. ती ताब्यात देईपर्यंत ढिगाची माती कुणाच्या शेतात आली तर ती कंपनीनं स्वखर्चानं काढून द्यायची. पण गावकऱ्यांनी कामात हात घातला आणि त्यामुळं नुकसान झालं, तर कंपनी काही देणं लागत नाही. या शेवटच्या कलमापाशीच पुढं सगळं येऊन थांबलं.

साहेबांच्या नकाशात पायऱ्या कलत्या होत्या आणि त्यांवर गवत होतं. दाजींना आणि वाडीतल्या जाणत्यांना मी ते समजावून सांगितलं तेव्हा त्यांची तोंडं उतरली.

"गवत कशाला रं?" दाजी म्हणाले. "एवढी सपाट भुई करताय आन वर गवत लावताय? भात करूया की."

"साहेब कलती कर म्हनतोय, दाजी. पाणी जायाला पायजे."

"जायाला कशाला पायजे? पाणी आडवायचं सोडून घालवतंय कोन? तुज्या बाचा बांध बघून आमी आक्काला करून घेतली, आन तू पाणी घालवाय शिकलास व्हय?"

हे माझ्या वर्मी लागलं. आम्ही बेळगुंदीचे, पिढ्यान्‌पिढ्या भातवाले. आमच्याकडं माणसाची परीक्षा त्याच्या बांधावरून होते. ज्याचा बांध गळतो त्याला लग्नातसुद्धा मागच्या पंगतीत बसवतील. वडिलांच्या बांधातून थेंब गळत नसे, हे सगळ्या शिवाराला ठाऊक. मी साहेबांकडं गेलो आणि त्यांना पटवलं. पायऱ्या कलत्या नकोत, सपाट करू. कडेला बांध घालू. लोक वर भात लावतील, जमीन परत दिल्याचं नाव होईल. साहेबांनी नकाशा पुढ्यात ओढला. मग म्हणाले, ठीक, पण प्रत्येक पायरीला बांधात पाणी जायला दगडी मोरी ठेवायची आणि ती पावसाळाभर उघडी. मी पुन्हा मान डोलावली.

काम सुरेख झालं, हे मला आजही सांगावंसं वाटतं आणि सांगताना जीभ अडखळते. एकाखाली एक सहा पायऱ्या, बांध असे की वरून बैल चालवावा. तळाला चिकणमाती पसरून बैलांनी चिखलणी केली. बेळगुंदीहून चुलते बघायला आले, त्यांनी बांधावर पाय आपटून बघितला आणि "पोरा, जमलं" म्हणाले. त्यांच्या तोंडून मी तो शब्द पहिल्यांदाच ऐकला.

आता आमच्याकडची एक चाल सांगायला हवी. नवा वाफा केला की त्याचं पहिलं पाणी सोडत नाहीत. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी वाफ्यानं प्यायचं असतं. त्यासाठी मोरी गवताच्या ढेपांनी गच्च बुजवतात, वर हळदकुंकू वाहून नारळ फोडतात, आणि लावण होऊन रोप उभं राहीपर्यंत ती उघडत नाहीत. मधेच उघडली तर वाफ्याची बरकत वाहून जाते म्हणतात. यात नुसती श्रद्धा नाही. पाणी बसलं की गाळ तळाला बसतो, तळ धरतो, आणि पुढं वाफा पाणी राखायला लागतो. जमिनीवरच्या वाफ्याला हे अगदी बरोबर आहे. आमचे वाफे जमिनीवर नव्हते, ढिगावर होते. एवढा फरक वाडीत कुणाच्या ध्यानात आला नाही. माझ्या यायला हवा होता, कारण कंपनी मला पगार त्याचाच देत होती.

मोरी बुजवायचा मान वाफा करणाऱ्याचा. साहेब तापानं बेळगावात बंगल्यावर पडून होते. आर्द्रा लागल्यावर वाडीतली सगळी माणसं ढिगावर जमली. आक्का ताट घेऊन आली. मी एकेक मोरी ढेपांनी बुजवत गेलो, वर पायानं ठेचत गेलो, आणि प्रत्येक ठिकाणी आक्का माझ्या हातात नारळ देत गेली. साहेबांचं वाक्य मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. मी मनात म्हणालो, साहेबाला भातातलं काय कळतंय.

पाऊस लागला. पायऱ्या भरल्या आणि भरलेल्या राहिल्या. एक बांध पाझरला नाही. लोक काकतीपासून बघायला येत होते, आणि मी छत्री धरून बांधावरून फिरत होतो.

तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसूचा, सुरू झाला त्याच्या थोडं आधी दाजी मला वाटेत भेटले. खुशीत होते.

"आवंदा झऱ्याला पाणी लई वाढलंय. दुप्पट म्हन की. मातूर जरा तांबडं येतंय."

मी म्हणालो, "पावसाचं असंल." आणि पुढं गेलो.

दोन-चार पावलं गेल्यावर मी थांबलो. झऱ्याचं पाणी जमिनीच्या पोटातून येतं, ते पावसानं असं एकाएकी तांबडं होत नाही. ते तांबडं पाणी वरून, ढिगाच्या पोटातून येत होतं. पायऱ्यांत कोंडलेलं पाणी बांधातून गळत नव्हतं हे खरंच. ते तळातून खाली मुरत होतं, आणि मोकळी माती आतल्या आत ओली होऊन फुगत होती. बाहेरून बांध जितके पक्के, तितकं आतलं ओझं जास्त. मी कुदळ घेतली आणि वर पळालो. सर्वांत वरच्या पायरीवर बांधाला समांतर एक चीर पडली होती, पाऊल जाईल एवढी. पहिल्या मोरीची ढेप मी काढली, दुसरीची काढायला वाकलो, आणि खालच्या चार पायऱ्या बांधांसकट, रोपांसकट खाली निघाल्या. मोठा आवाज झाला नाही. चुलीतली राख कोसळावी तसा ढिगाचा पुढचा भाग बसला आणि सरकत दाजींच्या शेतात गेला. आक्का आणि लावणीच्या बायका भाकरी खायला वरच्या आंब्याखाली गेल्या होत्या म्हणून जीव वाचले. शेत वाचलं नाही. बांधाच्या कडेची शेवरी तेवढी शेंड्यापुरती वर दिसत होती. झरा कुठं होता ते दाजींनाही दाखवता येईना.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. ताप अंगात होताच, टांग्यातून उतरताना कंपनीच्या हेडक्लार्कनं हात दिला. वाडी सगळी जमली होती. साहेब शेताच्या काठावर उभे राहिले, मग वर चढून गेले, मागोमाग आम्ही सगळे, आणि न फुटलेल्या पायरीच्या मोरीपाशी थांबले. ढेप जागच्या जागी होती, वरचं कुंकू पावसानं पसरलं होतं. त्यांनी हेडक्लार्कला विचारलं आणि हेडक्लार्कनं आम्हाला विचारलं, मोऱ्या कुणी बुजवल्या?

मी तोंड उघडायच्या आत दाजी पुढं झाले.

"आमी बुजवल्या साहेब. आमची चालच हाय ती. ह्या मिस्त्रीला ठावं न्हवतं. कळल्यावर ह्यो उघडाय पळालता, बघा, कुदळ हितंच पडलीया."

कुदळ खरंच तिथं पडली होती. हेडक्लार्कनं साहेबांना सांगितलं. साहेबांनी कुदळीकडं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना पटलं.

"खोटं हाय ते," मी म्हणालो. "मी बुजवल्यात साहेब. ह्या हातानं. तुमी सांगितलेलं ठावं असून बुजवल्यात."

हेडक्लार्क साहेबांकडं वळला. तेवढ्यात वाडीचे म्हातारे पाटील काठी टेकत पुढं आले.

"साहेबास्नी सांगा, ह्यो आमचा पावणा हाय. भनीच्या घरासाठनं अंगावर घेतोय. त्याचं लिवू नगा काय."

आणि सगळ्या वाडीनं माना हलवल्या. आर्द्रा लागताना ज्या माणसांनी माझ्याबरोबर नारळ फोडले, त्यातलं एक माणूस मागं राहिलं नाही. साहेब हेडक्लार्कशी काही बोलले. हेडक्लार्क मला म्हणाला, "साहेब म्हणतात, बहिणीसाठी नोकरीवर पाणी सोडणारा माणूस त्यांनी त्यांच्या मुलखातही पाहिला नाही." साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तापानं भाजत होता तो हात.

मी परत बोलायला लागलो. बायकांच्या घोळक्यातून आक्काचा आवाज आला.

"गप बस रं. थोरली मानसं बोलत्यात न्हवं?"

लहानपणापासून ती मला याच शब्दांनी गप्प करत आली होती, आणि मी गप्प बसलो. लाज वाटते ती मोऱ्या बुजवल्याची फारशी नाही. चूक कामात होते, माझ्याहून शहाण्यांच्या हातून झाली आहे. लाज वाटते ती त्या गप्प बसण्याची. बहिणीनं दटावलं म्हणून गप्प बसलो असं मी स्वतःला सांगतो, पण आतून मला हायसं वाटलं होतं. तिचं शेत समोर गाडलेलं दिसत असताना मला हायसं वाटलं होतं.

संध्याकाळी मी दाजींच्या घरी गेलो. ते ओसरीवर पाय पसरून बसले होते.

"दाजी, असं का केलंसा? आता कंपनी माती काढनार न्हाय."

"तुजी नोकरी गेली असती तर बेळगुंदीचं घर कोन बघनार हुतं? तुजा बा?" वडील तेव्हा अंथरुणाला खिळले होते. "आन तू येकटा कसा रं? नारळाचा परसाद आमी बी खाल्लाय की."

"पन एवढी माती..."

"काढू की आमी. मातीच हाय, हत्ती न्हवं."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. सुगी सरल्यावर सगळी वाडी बुट्ट्या, म्हणजे टोपल्या, घेऊन उतरली. मीही सुट्टीच्या दिवशी जात असे. उन्हाळाभर माती उपसली आणि शेताचा एक कोपरा मोकळा झाला, त्यात खालची काळी माती तांबड्या चिकणात अशी कालवलेली की गवतसुद्धा धड उगवेना. झरा सापडला नाही. पुढच्या पावसाळ्यात ढिगाची आणखी थोडी माती उतरली आणि मोकळा केलेला कोपराही गेला. त्यानंतर दाजी बुट्टी घेऊन जायचे थांबले.

ढीग नंतर साहेबांच्या पहिल्या नकाशाप्रमाणं केला. पायऱ्या कलत्या, दगडी पाट, वर गवत, कडेनं घायपात. ते काम मीच केलं आणि ते आजही टिकून आहे. नकाशा पहिल्यापासून बरोबर होता.

साहेब विलायतेला परतताना माझी शिफारस लोकल बोर्डाच्या रस्त्यांच्या कामावर करून गेले. मी हुशार आहे असं ते कुठं म्हणाले नव्हते, माणूस सचोटीचा आहे असं म्हणाले होते. या सचोटीवर माझी पुढची सगळी नोकरी झाली. सांबऱ्याकडच्या रस्त्यावर असो की निपाणीत, मी पोचायच्या आधी ही गोष्ट तिथं पोचलेली असे. नवा ओव्हरसियर म्हणे, "तेच का तुम्ही?" मी म्हणे, "नाही हो, तसं झालं नव्हतं," आणि तो खूश होऊन चहा मागवी.

कामात मात्र मी पार बदललो. पाणी अडवायची भाषा कुणी काढली की मी आधी ते जाणार कुठनं ते विचारी. निपाणीत एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या वखारीत पावसाचं पाणी शिरायचं. दर साली तो भिंत वीतभर उंच करायचा आणि दर साली पाणी आत. मी गेलो आणि भिंतीला दोन भोकं पाडा म्हणालो. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की आता हमालांकडून मला बाहेर काढतो की काय. "पाणी बाहेर ठिवायला बोलवलंय तुमास्नी, आत घ्याय न्हाय." मी म्हणालो, "शेटजी, ते आत आलेलं हाय. आता त्याला जायाची वाट द्या." भोकं पाडली, आतून चर काढला, आणि त्या साली तंबाखू कोरडी राहिली. पण शेटजींनी माझं नाव सांगताना चराचं सांगितलं नाही. ते सांगत, हाच तो, गावाचा गुन्हा अंगावर घेणारा. मिस्त्री म्हणून माझी जी थोडी अक्कल होती तीसुद्धा त्या गोष्टीखाली गाडली गेली. दाजींचं शेत आठवून मी हे बोलणं मनातच ठेवत असे, तक्रार करायचा मला काय अधिकार.

शेत गेल्यावर आक्काचं घर वाडीत फार दिवस चाललं नाही. दाजी वडगावला आले आणि सुताच्या गठ्ठ्यांची ओझी वाहायला लागले. आक्का कोष्ट्यांच्या घरी कांड्या भरायला जाऊ लागली. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारी सुताची लहान नळी. बायका रहाटावर बसून दिवसभर त्या भरतात. ज्या बाईनं आपल्या भातातून कुणाची गाय फिरकू दिली नाही, ती दुसऱ्याच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खणात, भिंतीकडं तोंड करून रहाट फिरवायची. दर सुगीला मी बेळगुंदीहून भात घेऊन जात असे. ती ते पाटीत ओतून घेई, रिकाम्या पोत्यात माझ्या मुलांसाठी चुरमुरे भरून देई, आणि शेताचं नाव काढत नसे. दाजी तिथंच वारले. शेवटच्या आजारात त्यांनी मला विचारलं, ढिगावरचं गवत कसं हाय? मी म्हणालो, चांगलं हाय. ते म्हणाले, बरं झालं.

मागच्या साली भाऊबीजेला मी वडगावला गेलो. आक्का आता सत्तरीच्या पुढं आहे, डोळ्यांना कमी दिसतं, पण कांड्या अजून भरते. मागाच्या घरातल्या दोन सुना तिच्याशेजारी बसल्या होत्या. मी सोप्यात आलो आणि आक्का त्यांना सांगत होती. मी आल्याचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"समदी वाडी गुन्हेगार, आन माजा भाऊ साहेबाच्या म्होरं छाती काढून म्हनाला, मी केलंय. नोकरीची पर्वा केली न्हाय. गोऱ्या साहेबानं खांद्यावर हात ठिवला त्याच्या."

सुना माझ्याकडं बघून हसल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. मी आक्काजवळ बसलो. मला रागच आला होता.

"आक्का, तू तितं हुतीस. मोरीवर फोडायला नारळ तू दिलास माझ्या हातात. साऱ्या नारळांचं पाणी माझ्या हातावरनं गेलं, ते तू बघितलंस."

"हुते की," ती म्हणाली. रहाट थांबला नाही.

"मग ह्या पोरीस्नी असं का सांगतीस?"

तिनं धागा तुटला का ते बोटानं चाचपून बघितलं. मग म्हणाली, "हितं ह्येंच्यात मी कोन हाय रं? कांड्या भरनारी म्हातारी. शेत हुतं म्हनून सांगितलं तर कोन बघाय जातंय? शेत गेलं त्येच्या बदल्यात एवढं मिळालंय मला. ते बी काडून घेतोस व्हय?"

ओवाळून घेतलं आणि निघालो.

वर्षभर यावर विचार केला आणि तरी हे लिहिलं. बहिणीकडचं एवढंसं उरलेलं काढून घेतो आहे हे कळून लिहिलं, म्हणजे लाजेत आणखी भरच. पण तिचं काही जाईल अशी मला खरं तर भीती नाही. अंक वडगावात जाईल, त्या सुनांपैकी कुणीतरी हे तिला मोठ्यानं वाचून दाखवील, अगदी नारळापर्यंत, रहाटापर्यंत. आणि आक्का रहाट न थांबवता त्यांना म्हणेल, "बघा गं, अजून बी सवताच्या अंगावरच घेतोय."